वळसंगच्या गोदामातील शर्यतीची गाडी

सोलापूरहून अक्कलकोटकडे जाणाऱ्या रस्त्याने मी आजवर किती वेळा गेलो असेन, याची मोजदाद नाही. लहानपणी शेंगांच्या आणि करडईच्या पोत्यांवर बसून गेलो, नोकरीत असताना कर्जदारांच्या तारणाची पाहणी करण्यासाठी गेलो, निवृत्तीनंतर पाहुण्यांना अक्कलकोट दाखवण्यासाठी गेलो. गेल्या पौषात मात्र या रस्त्याने निघालो तो पंच म्हणून. आदल्या रात्री थोरल्या बंधूंचा, म्हणजे आम्हा सर्वांच्या दादांचा, फोन आला होता.

“तू बँकेत चौतीस वर्षे काढलीस. एकदा वळसंगला जाऊन डोळ्यांनी बघून ये आणि सांग, तो मुलगा करतो आहे ते शहाणपणाचे की खुळेपणाचे. गोदामाला गिऱ्हाईक आले आहे. संक्रांतीनंतर मला होय-नाही कळवायचे आहे.”

‘तो मुलगा’ म्हणजे दादांचा धाकटा चिरंजीव, माझा पुतण्या. आणि गोदाम म्हणजे आमच्या वडिलांनी, अण्णांनी, वळसंगच्या रस्त्याकडेला बांधलेली दगडी भिंतींची, पत्र्याच्या छपराची लांबलचक वखार. एके काळी तिथे आमची अडत होती. सुगीत बैलगाड्यांची रांग लागे, तागडीजवळ अण्णा स्वतः उभे राहत आणि हमालाने उच्चारलेला प्रत्येक आकडा चोपडीत उतरे. पुढे माल थेट सोलापूरच्या बाजार समितीत जाऊ लागला, अडत आटली, कुटुंबाने शहरात कापडाचे दुकान काढले आणि गोदामाला कुलूप लागले. पंधरा वर्षे त्या कुलपाकडे कोणी फिरकले नव्हते. रस्ता चौपदरी झाला आणि त्या जागेचा भाव मात्र झोपेतच वाढला.

पुतण्या यंत्र अभियंता. पुण्यात सहा वर्षे चांगली नोकरी करून तो अचानक परत आला. दुकानात बसायला त्याने नम्रपणे नकार दिला आणि गोदामाची किल्ली मागितली. दिवसा तो तिथे एका जुन्या लेथवर यंत्रमागांचे सुटे भाग करून देतो, त्यावर त्याचे भागते. संध्याकाळनंतर आणि रविवारी तो एक मोटार बांधतो. साधी मोटारही नव्हे. सुमारे ऐंशी वर्षांपूर्वी इटलीत धावलेल्या एका शर्यतीच्या गाडीची प्रतिकृती! दादांच्या मते चार पिढ्यांच्या व्यापारी घराण्याला हे शोभणारे नव्हते.

सकाळी लवकर निघालो. शहराची वस्ती संपता संपता अक्कलकोट रस्त्याची औद्योगिक वसाहत लागते. चादरी आणि टॉवेल विणणाऱ्या मागांचा खडखडाट तिथे गाडीच्या बंद काचांतूनही ऐकू येतो. सोलापूरची पहिली कापड गिरणी १८७७ मध्ये उभी राहिली. लोक तिला आजही ‘जुनी मिल’ म्हणूनच ओळखतात. पुढे लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी अशा गिरण्या आल्या आणि गेल्या. गिरण्या गेल्या तरी त्यांनी घडवलेले कारागीर या शहरात राहिले. हे वाक्य मी सहज लिहीत नाही. त्याचा प्रत्यय मला त्याच दिवशी यायचा होता.

कुंभारीपाशी रे नगरची घरे दिसली. विडी कामगार, यंत्रमाग कामगार आणि इतर कष्टकऱ्यांची ही विस्तीर्ण वसाहत. २०२४ च्या जानेवारीत येथील १५,००० घरांचे लोकार्पण झाले. पूर्वी याच माळावर संध्याकाळी आमची बैलगाडी थांबवायला कोणी धजत नसे. पुढे काळी रानं सुरू झाली. ज्वारी कणसावर आली होती, तुरीच्या शेंगा वाळत होत्या, कुठेतरी हुरड्याची आगटी पेटली असावी असा खमंग वास येत होता. अक्कलकोटला पायी निघालेल्या भाविकांचे जथे रस्त्याच्या कडेने चालले होते.

वळसंग हे दक्षिण सोलापूर तालुक्यातील मोठे गाव. इथला माणूस एका वाक्यात मराठी आणि दुसऱ्या वाक्यात कानडी बोलतो आणि आपण भाषा बदलली हे त्याच्या ध्यानीही येत नाही. आमच्या अण्णांचा हिशेब मराठीत चाले, घासाघीस कानडीत. या गावात दलित समाजाने स्वतःच्या श्रमाने खणलेली एक विहीर आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या १९३७ मधील भेटीची आठवण तिच्याशी जोडलेली आहे. ज्यांना दुसऱ्याच्या पाण्याला हात लावू दिला जात नव्हता, त्यांनी आपले पाणी आपल्या हातांनी वर काढले. गावात शिरताना मी नेहमी त्या विहिरीपाशी क्षणभर थांबतो. त्या दिवशीही थांबलो आणि मग गोदामाकडे वळलो.

दार उघडे होते. आत धान्याच्या जुन्या वासावर तापलेल्या लोखंडाचा वास चढला होता. जिथे पोत्यांची थप्पी असे, तिथे भिंतीवर पाने, हातोडे आणि कानशी ओळीने टांगल्या होत्या आणि प्रत्येक हत्याराची बाह्यरेषा भिंतीवर रंगवलेली होती; कोणते हत्यार जागेवर नाही हे दारातूनच दिसावे म्हणून. वाळूच्या दोन बादल्या आणि अग्निशामक नळकांडे दाराजवळ ठेवलेले. मधोमध एका जाड लोखंडी बैठकीवर नळ्यांचा एक सांगाडा उभा होता. पुढे निमुळता, मध्ये रुंद, मागे पुन्हा निमुळता; एखाद्या माशाचा काटा सोलून ठेवावा तसा. त्यात एकाच माणसाची जागा.

“या काका,” पुतण्या वाकून नमस्कार करीत म्हणाला. “पप्पांनी पाठवले ना?”

मी होय म्हणालो. लपवण्यासारखे काही नव्हते.

त्याने स्टुलावर चहा ठेवला आणि एक जुने छायाचित्र पुढे केले. गाडीचे नाव सिसितालिया डी-४६. १९४६ मध्ये इटलीतील तुरीन शहरात ती तयार झाली. तिची कथा ऐकताना माझ्यातील व्यापाऱ्याच्या मुलाचे कान टवकारले, कारण ती गाडी बांधवून घेणारा पिएरो दुसिओ हा मुळात कापडाचा व्यापारी होता. तरुणपणी तो युव्हेंटस या प्रसिद्ध संघातून फुटबॉल खेळे. गुडघा दुखावला, खेळ सुटला, तेव्हा तो कापड विकू लागला आणि त्यातून त्याने मोठी संपत्ती मिळवली. पुढे तो त्याच फुटबॉल संघाचा अध्यक्षही झाला. दुसरे महायुद्ध संपले तेव्हा इटली उद्ध्वस्त होती. पोलाद, पेट्रोल, पैसा सर्वांचीच टंचाई. दुसिओने ठरवले की कोणालाही परवडेल अशी लहान शर्यतीची गाडी बाजारात सहज मिळणाऱ्या भागांतून बांधायची. आराखड्यासाठी त्याने फियाट कंपनीचे अभियंता दांते जाकोसा यांना गाठले. इंजिन फियाट अकराशेचे. सांगाडा पोलादी नळ्यांचा, कारण दुसिओच्या कारखान्यात सायकली बनत आणि नळ्या जोडण्याचे कसब तिथे होतेच.

“म्हणजे हातात जे आहे त्यातूनच,” मी म्हणालो.

“म्हणूनच तर ही गाडी निवडली, काका. मोठ्या कंपनीची गाडी नक्कल करायला गेलो असतो तर जन्म पुरला नसता.”

१९४६ च्या सप्टेंबरात तुरीनच्या शर्यतीत या गाड्या प्रथम उतरल्या आणि पहिला क्रमांक स्वतः दुसिओनेच पटकावला. त्याच शर्यतीत थोर चालक तात्सिओ नुवोलारी यांच्या गाडीचे सुकाणू चाक निखळून हातात आले, तेव्हा त्यांनी ते प्रेक्षकांना उंच करून दाखवले. हसण्यासारखा प्रसंग खरा. पण पुतण्याने त्याचा अर्थ वेगळा लावला होता. त्याच्या कपाटाच्या दारावर हाताने लिहिलेला कागद चिकटवला होता : ‘सुकाणूची किल्ली आणि नट : प्रत्येक वेळी दोनदा तपासणे.’

आता इंजिनाविषयी. सांगाड्याच्या पुढील भागात ताडपत्रीने झाकलेला ओतीव लोखंडाचा ठोकळा होता. त्याने ताडपत्री काढली आणि मला विचारले, “ओळखले का?” मी ओळखले नाही. “आपल्या पद्मिनीचे आहे.”

येथे वाचकांना थोडे मागे नेले पाहिजे. प्रीमिअर ऑटोमोबाईल्स ही कंपनी १९४४ मध्ये ज्यांनी स्थापन केली, ते शेठ वालचंद हिराचंद आपल्या सोलापूरचे. २३ नोव्हेंबर १८८२ रोजी त्यांचा जन्म येथे झाला. घरचा व्यवसाय कापूस आणि सावकारीचा. त्यात त्यांचे मन रमले नाही. रेल्वेची कंत्राटे, बोगदे, १९१९ मध्ये सिंदिया कंपनीचे जहाज, १९४० मध्ये बंगळूरचा विमान कारखाना, मग विशाखापट्टणमची जहाजबांधणी आणि अखेरीस मोटार. ज्या घरात पेढीवर बसणे हाच पुरुषार्थ मानला जाई, त्या घरातील मुलगा बोगदे खणायला निघाला तेव्हा सोलापुरात काय बोलले गेले असेल, याची कल्पना आपण करू शकतो. कुर्ल्याच्या कारखान्यातून १९४७ मध्ये पहिली मोटार बाहेर पडली, ती अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीच्या सहकार्याने. फियाटशी संबंध नंतर जुळला आणि फियाट अकराशे येथे १९५४ मध्ये बनू लागली. वालचंद आदल्याच वर्षी निवर्तले होते. तीच गाडी पुढे रूप बदलत आधी ‘प्रीमिअर प्रेसिडेंट’ आणि १९७४ मध्ये ‘प्रीमिअर पद्मिनी’ झाली. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीचे रूप घेऊन ती २०२३ च्या ऑक्टोबरअखेरपर्यंत रस्त्यावर होती.

पुतण्याने फळ्यावर दोन आकडे लिहिले : सिलिंडरचा व्यास ६८ मिलिमीटर, पिस्टनची धाव ७५ मिलिमीटर. “चार सिलिंडरांचे घनफळ काढा, काका.” मी सवयीने खिशातील गणकयंत्र काढले. उत्तर आले १,०८९ घन सेंटिमीटर. “१९३७ च्या फियाटचे हेच माप. दुसिओच्या शर्यतीच्या गाडीतील इंजिनाचेही हेच. आणि आपल्या पद्मिनीचेही हेच.” तुरीनच्या कापड व्यापाऱ्याची गाडी आणि सोलापूरच्या सावकारपुत्राच्या कारखान्यातील गाडी यांचे काळीज एका मापाचे होते, हे मला साठी उलटल्यावर आमच्याच गोदामात कळले.

दादांचा खरा राग याच ठिकाणी होता. अण्णांनी पद्मिनी १९७९ मध्ये नोंदवली आणि ती घरी आली १९८४ मध्ये. त्या काळी मोटार विकत घेण्यापेक्षा मोटारीची वाट पाहण्याचेच दिवस होते. आईने ओवाळले, नारळ फोडला. त्या गाडीतून आम्ही कुंथलगिरीला गेलो, कुंभोज-बाहुबलीला गेलो, दादांची वरात तिच्यातूनच निघाली. अण्णा गेल्यावर ती गोदामात उभी राहिली आणि उभ्या उभ्याच गंजली. दादांना ती विकवत नव्हती आणि दुरुस्तही करवत नव्हती. आणि त्यांच्याच मुलाने ती कापली.

“कापण्यासारखे काही उरलेच नव्हते,” पुतण्या हळू आवाजात म्हणाला. “या गाडीला वेगळी चासी नसते. पत्र्याचा सांगाडा हीच चासी. खालचा पत्रा बोटाने दाबला तर भोक पडत होते. इंजिन, गिअरबॉक्स, मागचा आस आणि पुढचे सस्पेन्शन एवढेच वाचले. भंगारवाला सगळ्या गाडीचे वजन करायला आला होता, त्या दिवशी मी पुण्याहून आलो होतो.”

हे मला ठाऊक नव्हते. दादांनीही सांगितले नव्हते.

मग त्याने काम कसे चालते ते दाखवले. मूळ गाडीचे आराखडे त्याच्याजवळ नाहीत. जुन्या छायाचित्रांतील चाकाचा व्यास ठाऊक असल्याने त्या मापावरून बाकीची मापे काढायची. पण छायाचित्रात दूरची वस्तू लहान दिसते, त्यामुळे ही गणिते तीन-चार चित्रांवरून पडताळून घ्यावी लागतात. त्याने आधी बांबूच्या कामट्यांचा पूर्ण आकाराचा सांगाडा केला, त्यात स्वतः बसून पाहिले आणि मगच नळ्यांना हात घातला. प्रत्येक नळीचे तोंड असे गोलाकार कापावे लागते की ती दुसऱ्या नळीच्या अंगाला फट न राहता बिलगावी. फट राहिली की जोड वरून देखणा आणि आतून दुबळा.

पहिला सांगाडा वाया गेला. उत्साहाच्या भरात त्याने एका बाजूचे सर्व जोड सलग वेल्ड केले. वितळलेले लोखंड थंड होताना आकसते आणि नळीला आपल्याकडे ओढते. सगळे थंड झाल्यावर मोजले तर चौकटीच्या दोन कर्णांत ११ मिलिमीटरचा फरक. असा सांगाडा सरळ रस्त्यावरही गाडीला एका बाजूला खेचत राहतो. पंधरवडाभर त्याने गोदामाकडे पाऊल टाकले नाही. मग गिरणीत आयुष्य काढलेले एक वृद्ध फिटर त्याला भेटले. त्यांनी गिरणीच्या भंगारातील एका यंत्राची जाड, सपाट बैठक मिळवून दिली, तिच्यावर सांगाडा घट्ट आवळायला शिकवले आणि एक दोरा हातात दिला. आधी सगळीकडे नुसते टाके घालायचे, मग समोरासमोरचे जोड आलटून पालटून पुरे करायचे आणि प्रत्येक जोडानंतर दोऱ्याने दोन्ही कर्ण मोजायचे. “कर्ण सारखे तर चौकट सरळ, यंत्र असो की घर,” असे ते म्हणाले म्हणे. दुसऱ्या सांगाड्यातील फरक एका मिलिमीटरच्या आत आहे. मी स्वतः दोरा धरून पाहिला.

बाहेरच्या ॲल्युमिनियमच्या पत्र्यासाठी त्याने सोलापूरच्या एका तांबटाला गाठले. पाण्याचे बंब आणि घंगाळी ठोकण्यात ज्यांची हयात गेली, अशा या गृहस्थांना गेली कित्येक वर्षे नवे काम नव्हते. तांबे तापवून मऊ करताना त्याचा रंग पाहून अंदाज येतो. ॲल्युमिनियम मात्र रंग न बदलता एकदम वितळते. त्यावर पुतण्याने वाचलेला तोडगा असा : पत्र्यावर साबण घासायचा आणि साबण काळपट पडला की ज्योत काढून घ्यायची. तांबटांनी तो तोडगा हसून स्वीकारला आणि मोबदल्यात वाळूच्या पिशवीवर लाकडी हातोड्याने पत्र्याला गोलाई कशी द्यायची ते शिकवले. गाडीच्या नाकाचा भाग तयार होऊन भिंतीला टेकून ठेवला होता. त्यावर हातोड्याच्या हजारो खुणा होत्या आणि दुरून पाहिले तर एकही दिसत नव्हती.

प्रतिकृती म्हणजे नेमके काय, हाही प्रश्न मी विचारला. त्याने आडपडदा ठेवला नाही. मूळ गाडी चारशे किलोच्या आतली होती आणि तिचे इंजिन सुधारून साठ अश्वशक्तीपर्यंत नेलेले होते. याची गाडी साडेचारशे किलोवर जाईल आणि अश्वशक्ती चाळीसच्या आसपास राहील. मूळ नळ्या खास मिश्रपोलादाच्या होत्या, या साध्या पोलादाच्या म्हणून जाड. मूळ गिअरबॉक्स वेगळी, पुढचे सस्पेन्शन वेगळे. “रूप त्या गाडीचे, जीव आपल्या पद्मिनीचा,” तो म्हणाला. मी मनातल्या मनात भागाकार केला. पद्मिनीत प्रत्येक अश्वशक्तीला सुमारे २२ किलो ओढावे लागत. इथे सुमारे ११. त्याच इंजिनावरचा भार निम्म्यावर आला होता.

असे वेड आपल्या भागाला नवे नाही. इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णी यांनी सामान्य कुटुंबासाठी छोटी मोटार बांधायला घेतली. तिचे नाव ‘मीरा’. अनेक वर्षे सुधारणा करत त्यांनी तिचे एकाहून एक सरस नमुने केले, पण कारखान्यातून तिचे उत्पादन कधीच होऊ शकले नाही. अलीकडचे उदाहरण सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे गावच्या दत्तात्रय लोहार यांचे. भंगारातील भागांपासून त्यांनी आपल्या कुटुंबासाठी किक मारून सुरू होणारी छोटी चारचाकी बनवली. २०२१ च्या अखेरीस उद्योगपती आनंद महिंद्रा यांनी तिचे कौतुक केले आणि त्या गाडीच्या बदल्यात बोलेरो देऊ केली. २०२२ च्या जानेवारीत ती त्यांना मिळालीही. मात्र अशी गाडी नियमांत बसत नाही आणि आज ना उद्या रस्त्यावर अडवली जाईल, हे महिंद्रांनीही तेव्हाच स्पष्ट केले होते. घरी बांधलेल्या वाहनाला कायद्याने सार्वजनिक रस्ता मोकळा नाही, आणि ते योग्यच आहे. पुतण्यालाही याची जाणीव आहे. त्याची गाडी गोदामाच्या आवारात आणि पुढे परवानगी मिळाली तर एखाद्या खासगी धावपट्टीवर चालेल. अक्कलकोट रस्त्यावर कधीच नाही.

आता माझे काम उरले होते. “हिशेब ठेवला आहेस का?” मी विचारले.

त्याने कपाटातून लाल कापडी बांधणीची चोपडी काढली. अण्णा वापरत तशीच. पहिल्या पानावर तीन ओळी होत्या. ‘मर्यादा : रुपये ३,००,०००. मुदत : पुढील अक्षय तृतीया. दोहोंपैकी जे आधी संपेल तेथे काम थांबवणे.’ खाली त्याची सही. पुढे रोजकीर्द, तारीखवार. वेल्डिंगच्या कांडीपासून तांबटाच्या मजुरीपर्यंत प्रत्येक खर्च लिहिलेला. आणि शेवटी एक स्वतंत्र खाते होते, ‘वाया’. पहिला सांगाडा, रुपये २१,४००. चुकीच्या मापाचे पिस्टन. फाटलेला पत्रा. एकही चूक त्याने ‘किरकोळ’ या सदरात लपवली नव्हती. एकूण खर्च २,३८,००० रुपये झाला होता, तोही त्याच्या स्वतःच्या कमाईतून आणि बचतीतून. दुकानातून एक पैसा नाही.

चौतीस वर्षांत मी शेकडो ताळेबंद वाचले. नुकसानीचे खाते स्वतःहून उघडणारा कर्जदार क्वचितच भेटला.

आणि तेवढ्यात मला १९९१ मधील एक अर्ज आठवला. एका तालुक्याच्या गावी मी शाखेत अधिकारी होतो. एक तरुण कारागीर जुनी लेथ घेण्यासाठी कर्ज मागायला आला होता. सोबत त्याने स्वतः बनवलेला एक छोटा पंप आणला होता, टेबलावर ठेवून तो चालवूनही दाखवला. तारण नव्हते. ‘व्यवहार्यता संशयास्पद’ असा शेरा मारून मी अर्ज परत केला. नियमाने ते चूक नव्हते. पण त्याने तो पंप फडक्यात गुंडाळताना माझ्याकडे पाहिले नाही, हे मला अजून आठवते. त्या दिवशी मी कागद वाचले होते, पंप वाचला नव्हता.

“दुसिओचे पुढे काय झाले?” मी पुतण्याला विचारले.

त्याचे उत्तर तयार होते. छोट्या गाडीच्या यशाने दुसिओची भूक वाढली. १९४७ च्या सुमारास त्याने पिनिन फारिना यांच्या हातून अतिशय सुंदर अशी रस्त्यावरची गाडी घडवून घेतली. न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयाने १९५१ मध्ये तिला आपल्या प्रदर्शनात मान दिला. पण त्याच वेळी त्याने पोर्शे यांच्या कार्यालयाकडून बारा सिलिंडरांची, चारही चाकांना शक्ती देणारी, सर्वोच्च स्पर्धेसाठीची गाडी बांधायला घेतली. त्या एका गाडीने कापडाच्या धंद्यातील सारी कमाई गिळली. कंपनी कर्जात बुडाली आणि दुसिओ अर्जेंटिनाला निघून गेला. ती गाडी त्या मोठ्या स्पर्धेत कधी उतरलीच नाही.

“त्याच्या चोपडीला पहिले पान नव्हते,” पुतण्या म्हणाला.

मला जे शोधायचे होते ते मिळाले होते. छंद आणि उधळपट्टी यांत फरक रकमेचा नसतो. सुरू करण्याआधी थांबण्याची जागा लिहून ठेवली आहे की नाही, याचा असतो. आपल्या वाडवडिलांनी परिग्रहाला परिमाण सांगितले, तेही याच व्यवहारज्ञानाने. आणि जो मुलगा दुकानात बसला नाही, त्याने दुकानाची चोपडी मात्र सोडली नव्हती.

निघण्यापूर्वी त्याने इंजिन सुरू करून दाखवले. सलाईनच्या बाटलीसारखी पेट्रोलची बाटली वर टांगली होती. किल्ली नव्हती, दोन तारा जोडून तो स्टार्टर फिरवत असे. पहिल्या वेळी नुसती घरघर. दुसऱ्यांदा एक ठसका. त्याने चोक थोडा आत ढकलला आणि तिसऱ्या खेपेला इंजिन लागले. गोदामाच्या पत्र्यांना तो आवाज पुरेना. नळकांडे नसल्याने तो मूळच्यापेक्षा कितीतरी मोठा होता. पण त्याखालचा तो थोडा अडखळणारा, खाकरल्यासारखा ठेका मी ओळखला. कुंथलगिरीच्या घाटात अण्णा गिअर बदलत तेव्हाचा ठेका. मी खिशातून फोन काढला आणि दादांना लावला. काही न बोलता तो इंजिनासमोर धरला.

इंजिन बंद झाल्यावर फोन कानाला लावला. पलीकडे बराच वेळ शांतता होती.

“थंडीत पूर्ण चोक लागतो तिला,” दादा म्हणाले. “अण्णा तसेच करायचे.” आणि थोड्या वेळाने, “सुरू कशाने करतो तो? किल्ली तर माझ्या तिजोरीत आहे.”

माझा अहवाल मी त्याच रात्री लेखी दिला, बँकेत देत असे तसाच. गोदामाची विक्री अक्षय तृतीयेपर्यंत स्थगित ठेवावी. त्या तारखेला गाडी पूर्ण असो वा नसो, चोपडी पाहून पुढचा निर्णय घ्यावा. गिऱ्हाईक तोवर थांबले तर ठीक, न थांबल्यास रस्ता कुठे जात नाही. दादांनी त्यावर होय म्हटले नाही, नाहीही म्हटले नाही. मात्र संक्रांतीला पुतण्या तिळगूळ घेऊन घरी आला, तेव्हा वहिनींनी वाटीतल्या तिळगुळाशेजारी एक छोटी, पितळ उघडे पडलेली किल्ली ठेवली होती. तिला अण्णांनी बांधलेला लाल दोरा अजून तसाच होता.